फोटोखालची ओळ

कोकणात समुद्राचे फोटो काढायला निघालेल्या माणसाच्या पिशवीत एखादी लेन्स कमी असली तरी चालेल, पण आज तिथी कोणती हे त्याला ठाऊक हवं. किनाऱ्यावरच्या बंदरांत जुनी माणसं अजूनही तिथीवरून पाणी सांगतात. हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराला. दिवसा जी वेळ, साधारण तीच रात्री. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. बंदराप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं. मिनिटाचा हिशेब हवा असेल त्याला छापील कोष्टकं आहेत, मोबाइलवर ॲप आहेत. पण प्रवासाचा बेत आखायला ही पाऊणपट पुरते.

या हिशेबातूनच किनाऱ्याच्या फोटोचा पहिला नियम हाती लागतो. उधाणाची भरती येते पौर्णिमा-अमावास्येला, आणि त्या दिवशी पाणी सर्वांत वर चढतं ते ऐन दुपारी आणि मध्यरात्री. सर्वांत खाली उतरतं ते सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास, म्हणजे उजेड कोवळा असताना. शेवाळलेले खडक, त्यांतली डबकी, ओल्या पुळणीत उतरलेलं आभाळ हे सगळं हवं असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्या गाठावी. मावळत्या सूर्यासमोर भरलेला समुद्र हवा असेल तर अष्टमी बरी. पण अष्टमीला भांग असतो, पाण्याला जोर नसतो. कोवळं ऊन आणि उधाणाची भरती यांची गाठ आपल्या किनाऱ्यावर सहसा पडत नाही.

गुहागर तालुक्यात हेदवीला उमामहेश्वराच्या देवळामागे बामणघळ आहे. समुद्राने कातळ कापून केलेली ही अरुंद चीर. भरतीचं पाणी तिच्यात घुसतं, पुढे जायला वाट नसते, मग ते दणक्यासरशी आभाळाकडे उडतं. पर्यटक संध्याकाळ धरून येतात आणि पुष्कळदा कोरडी घळ बघून परत जातात. तिचं खरं रूप उधाणाच्या दिवशी भर दुपारी दिसतं, आणि त्या वेळी ऊन पांढरंफटक असतं. ज्याला घळीचा फोटो काढायचा आहे त्याने ते ऊन पत्करावं. घळीच्या काठावर मात्र उभं राहू नये. तिथला कातळ निसरडा असतो आणि मोठी लाट सांगून येत नाही. कुठे थांबायचं हे गावातल्या माणसाला विचारावं आणि तो सांगेल तिथेच थांबावं.

किनाऱ्याचे इतके फोटो आजवर कधीच निघाले नव्हते. प्रत्येक खिशात कॅमेरा आहे, सुट्टीत प्रत्येक पुळणीवर गर्दी आहे. पण त्यांतल्या बहुतेक फोटोंखाली नुसतं ‘कोकण’ लिहिलेलं असतं, नाहीतर काहीच नसतं. गाव कोणतं, खडकाला स्थानिक लोक काय म्हणतात, महिना कोणता, पाणी चढतं होतं की उतरतं, याचा पत्ता नसतो. असा फोटो डोळ्यांना सुख देतो आणि विसरला जातो. मला वाटतं, फोटोखालची ओळ हा फोटोचाच भाग आहे, आणि ही ओळ लिहायची तर त्या जागेशी आणि तिथल्या माणसांशी ओळख करून घ्यावीच लागते.

पाठीमागून येणारा उजेड

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सूर्य समुद्रात बुडतो हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून सगळे संध्याकाळी येतात. सकाळी सूर्य सह्याद्रीवरून वर येतो आणि जमिनीवरून समुद्राकडे पाहणाऱ्याच्या पाठीमागून उजेड टाकतो, याचा फायदा फार थोडे घेतात. जलदुर्गांचे फोटो त्या उजेडात काढावेत. संध्याकाळी जंजिरा म्हणजे काळी आकृती. सकाळी राजपुरीच्या धक्क्यावरून पाहिलं तर बुरुजांचा दगड न् दगड सुटा दिसतो.

राजपुरीहून शिडाच्या होडीतून निघालं की जंजिऱ्याचा दरवाजा बराच वेळ दिसतच नाही. दोन बुरुजांच्या आड तो लपलेला आहे, होडी अगदी जवळ गेली की उघडतो. मालवणच्या सिंधुदुर्गाचं महाद्वारही असंच वळणाआड आहे. शत्रूच्या तोफेला दरवाजा सापडू नये म्हणून ही रचना केली. आज तीच फोटो काढणाऱ्याला होडीत सावध बसायला लावते, कारण दरवाजा दिसतो ते क्षण थोडे असतात. जंजिऱ्याच्या दरवाजापाशी दगडात कोरलेलं एक श्वापद आहे, त्याने पंजांत हत्ती धरले आहेत. सकाळचं तिरकं ऊन पडलं की ते शिल्प उठून दिसतं.

मुरुडसमोरचा पद्मदुर्ग मात्र जवळ जाऊन पाहण्याचा किल्ला आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी कासा बेटावर तो उभारला. त्याच्या पडकोटाच्या तटापाशी गेलं की स्थापत्याची एक नवलाई दिसते. खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी दगड झिजून आत गेले आहेत, पण दगडांमधला चुना तसाच पुढे उभा आहे. भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांनी तो चुना मळला त्यांचं काम दगडापेक्षा टिकलं. या भिंतीचा जवळून घेतलेला एक साधा फोटो, त्याखाली ‘पद्मदुर्ग, पडकोटाचा तट’ एवढी ओळ, आणि बाजूला मापासाठी ठेवलेला हात. संवर्धन करणाऱ्या माणसाला सूर्यास्ताच्या शंभर फोटोंपेक्षा याचा उपयोग जास्त.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यांत किनाऱ्यावरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार आहेत. या मानाचा आनंद मोठा आहे. पद्मदुर्ग, कुलाबा, कोर्लई, गोपाळगड, यशवंतगड हे त्या यादीत नाहीत. यादीतल्या किल्ल्यांकडे कॅमेरे आपोआप वळतील. उरलेल्यांकडे ते आपण वळवायचे आहेत.

कुठल्याच फलकावर नसलेल्या खुणा

किनाऱ्यावर अशा कितीतरी चमत्कारिक गोष्टी आहेत ज्या सहलीच्या यादीत शेवटी येतात किंवा येतच नाहीत. गाव त्यांच्यावरूनच वाट सांगतं. मला त्यांची ओढ देखाव्यांपेक्षा जास्त आहे.

खांदेरी बेटावर एक शिळा आहे. लहान दगडाने तिच्यावर ठोकलं की धातूवर ठोकल्यासारखा नाद येतो. बेटावर वेताळाचं ठाणं आहे, कोळी बांधव तिथे भक्तीने येतात. १८६७ साली बांधलेलं दीपगृह अजून जहाजांना वाट दाखवतं. दीपगृहाचे फोटो सगळे काढतात. शिळेच्या फोटोत नाद येत नाही, तिथे ओळच कामाला येते. ‘ही शिळा वाजते’ असं खाली लिहिलं नाही तर तो एका ओबडधोबड दगडाचा फोटो उरतो.

अलिबागला कुलाबा किल्ल्याकडे सुकतीच्या वेळी चालत जाता येतं, घोडागाड्याही जातात. त्या वाटेचे फोटो पुष्कळ आहेत. तिथून थोड्या अंतरावर चुंबकीय वेधशाळा आहे, तिच्याकडे वळणारे थोडे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी पूर्वी मुंबईत कुलाब्याला होत. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं आणि त्यांच्यामुळे नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला आणलं गेलं. वेधशाळेच्या इमारतीत लोखंडासारखी चुंबकाला ओढणारी वस्तू येऊ नये याची काळजी घेतली गेली. मुंबईच्या ट्राम कधीच्या गेल्या. त्यांच्यामुळे अलिबागला आलेली वेधशाळा अजून नोंदी घेते आहे.

रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई. डोंगराच्या समुद्राकडच्या अंगाला दीपगृह, त्याच्या मागून किल्ल्यावर जाणारी वाट, आणि वरून एका बाजूला कुंडलिकेची खाडी तर दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र. किल्ला पोर्तुगीजांचा. पायथ्याच्या गावात ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात पोर्तुगीजपासून निघालेली आणि मराठीच्या सहवासात वाढलेली स्वतंत्र बोली बोलतात. गावातून किल्ल्याकडे जाताना ओट्यावर बसलेल्या एका आजींना मी फोटोसाठी विचारलं, तर त्या म्हणाल्या, “फोटो काढ बाबा, पण आधी बस. पाणी पी.” बसल्यावर गप्पा झाल्या, गप्पांत घरातली बोली कानावर पडली, मग फोटो निघाला. माणसाचा फोटो काढायचा तर हाच क्रम बरोबर आहे.

दापोली तालुक्यातल्या हर्णैच्या पुळणीवर संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो. सुवर्णदुर्ग समोर, डोलणाऱ्या होड्या, आणि उथळ पाण्यात उतरून मासळी किनाऱ्याला आणणाऱ्या बैलगाड्या. हा देखावा जगातल्या कुठल्याही छायाचित्रकाराला मोह घालील. पण तिथे प्रत्येक मिनिटाला कोणाच्या तरी दिवसभराच्या कष्टाचा भाव ठरत असतो. टोपल्यांच्या आणि बोलीच्या मध्ये कॅमेरा घेऊन उभं राहणं म्हणजे कामात अडथळा. कडेला उभं राहावं, एखाद्या मावशीला विचारावं, नको म्हणाल्या तर कॅमेरा खाली करावा. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. रिकाम्या बंदराचे ते फोटोही तितकेच खरे आहेत, आणि ते काढायला कोणी येत नाही.

दापोली तालुक्यातच केळशीला खाडीच्या मुखाशी वाळूची मोठी टेकडी आहे. बाहेरच्याला ती साधी वाळू वाटते. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला आणि तिचा संबंध जुन्या त्सुनामीशी जोडला. वाऱ्याने, पाण्याने आणि माणसाच्या हाताने वाळूची टेकडी सतत बदलते. एकाच जागी उभं राहून दर वर्षी काढलेला एक फोटो या टेकडीचा इतिहास लिहू शकेल, आणि ते काम केळशीतल्या शाळेची मुलंसुद्धा करू शकतील.

काही खुणा समुद्र आणून टाकतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलं. खलाशी सुखरूप उतरले, जहाज अडकलं, आणि बघता बघता ते रत्नागिरीकरांचं फोटो काढायचं ठिकाण झालं. गोव्यात कांदोळीला ‘रिव्हर प्रिन्सेस’ २००० च्या पावसाळ्यात रुतली, ती हटवायला २०१२ उजाडलं. तोवर हजारो लोकांच्या फोटोंत मागे तेच जहाज होतं. आज ते जहाज तिथे नाही. ते फोटो क्रमाने लावले तर किनाऱ्याची रेषा, वाळूचा थर आणि गंजत जाणारं लोखंड यांचा बारा वर्षांचा हिशेब मिळेल. अट एकच, फोटोवर तारीख हवी.

सड्यावरची चित्रं

किनाऱ्याच्या अगदी पाठीला लागून जांभ्याचे सडे आहेत. उन्हाळ्यात उघडेबोडके, पावसाळ्यात गवताने आणि रानफुलांनी भरलेले. या सड्यांवर कातळात कोरलेली हजारो वर्षांपूर्वीची चित्रं आहेत, त्यांना आपण कातळशिल्पं म्हणतो. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं गावागावांत पायपीट करून ती शोधली, नोंदवली, लोकांसमोर आणली. गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना यातली काही चित्रं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. त्यांना जाऊन विचारणारं कोणी नव्हतं.

राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राण्यांच्या आकृती आहेत. बारसूच्या सड्यावर मधे माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघ असं चित्र आहे. उक्षीचा हत्ती रत्नागिरीपासून जवळ. देवाचे गोठणे इथल्या शिल्पापाशी होकायंत्राची सुई भलतीच दिशा दाखवते, असा तिथे जाणाऱ्यांचा अनुभव आहे. २०२२ मध्ये कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत दाखल झाली. त्यांत महाराष्ट्रातली आठ ठिकाणं आणि गोव्यातलं फणसायमाळ आहे.

कातळशिल्पाचा फोटो काढणं अवघड आहे. दुपारी डोक्यावर ऊन असताना शिल्प डोळ्यांसमोर असूनही फोटोत सपाट दगड येतो, कारण रेघेत सावली नसते. सूर्य उगवल्यावरचा आणि मावळण्याआधीचा तास यांत ऊन आडवं येतं, रेघेच्या एका काठाची सावली पडते आणि चित्र जागं होतं. गणपतीच्या दिवसांत गेलं तर रेघांत पाणी साठून आभाळ चमकतं, पण गवत पुष्कळ भाग झाकून टाकतं. पूर्ण आकृती एका चौकटीत हवी असेल तर उंचावरून पाहावं लागतं. आता ड्रोनमुळे ते सोपं झालं आहे, पण त्याआधी परवानगी घ्यावी आणि गावाला विचारावं. उंचावरून आपला प्रदेश दाखवण्याचं काम नौदलात छायाचित्रकार असलेल्या गोपाळ बोधे यांनी ड्रोन नव्हते तेव्हा केलं. हेलिकॉप्टरमधून त्यांनी टिपलेले किल्ले आणि किनारे पाहिले की उंची म्हणजे नुसता देखावा नव्हे हे कळतं. जमिनीची रचना वरूनच समजते.

एक गोष्ट हात जोडून सांगावीशी वाटते. रेघा उठून दिसाव्यात म्हणून काही जण त्यांत खडू, रंग किंवा रांगोळी भरतात. असं कधीही करू नये. चित्रावर चालू नये, तिपाईचे टोकदार पाय त्यावर रोवू नयेत. हजारो वर्षं ऊन-पावसात टिकलेली रेघ आपल्या एका फोटोसाठी पुसट होता कामा नये.

साहेबाचे ओटे

फोटोखालची ओळ चुकीची असली तर काय होतं, याचं ठळक उदाहरण विजयदुर्गावर आहे. वाघोटनच्या खाडीच्या मुखाशी उभा असलेला हा किल्ला आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं होता. किल्ल्यावर काही ओटे आहेत, लोक त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. तिथे येणाऱ्याला सांगितलं जातं की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी याच ओट्यांवर दुर्बिणी लावल्या आणि हेलियमचा शोध लावला. १८ ऑगस्टला इथे हेलियम दिनही साजरा होतो. ओट्यांच्या शेकडो फोटोंखाली हीच हकीकत लिहिलेली असते.

नोंदी वेगळं सांगतात. १८६८ च्या त्या ग्रहणाचे वेध घेणारे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रात गुंटूरला होते. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहता येतो, हे त्यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला तिथूनच दाखवलं. त्या वर्णपटातली पिवळी रेघ पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून पुढे नव्या मूलद्रव्याची कल्पना आली. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, रॅम्से या शास्त्रज्ञांना. लॉकियर विजयदुर्गावर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ब्रिटिश नौदलाच्या ‘मेलपोमिनी’ जहाजावरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते, आणि विजयदुर्गावर घेतलेल्या वेधांचा सविस्तर अहवाल त्यांनी प्रसिद्ध केला.

यात विजयदुर्गाचं काहीही कमी होत नाही. ज्याने हेलियम ओळखला तो शास्त्रज्ञ आपल्या किनाऱ्यावर येऊन ग्रहणाचे वेध घेऊन गेला, त्यासाठी खलाशांना यंत्रं चालवायला शिकवून गेला, ही हकीकत पुरेशी मोठी आहे. खरी तारीख लिहिली की ओट्यांची खरी गोष्ट सुरू होते. त्या गोष्टीत ग्रहण पाहायला जमलेला गाव आहे आणि खाडीत नांगरलेलं जहाज आहे. त्या मोहिमेत छायाचित्रंही घेतली गेली. आपल्या किनाऱ्यावर ते कॅमेरे विज्ञानाच्या कामासाठी लावले होते. आज त्या ओट्यांवर मोबाइल धरून उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं.

आता काढायचे फोटो

निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, दापोली या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. नंतर लोकांना आपली जुनी बाग दाखवायची होती तेव्हा लग्नाच्या आणि मुंजीच्या फोटोंत मागे आलेली झाडं शोधावी लागली. पाखाडी, दगडी बांध, जांभ्याची घरं, उतारू नेणारी तर, जुनी धर्मशाळा यांचंही असंच होणार आहे. रस्ता रुंद होतो, धक्का नवा होतो, संरक्षक भिंत येते आणि पुळणीचा आकार बदलतो. यातलं काही आवश्यक असतं, काही नसतं. पण आधी काय होतं याचा पुरावा नसला की वाद नुसत्या आठवणींवर चालतो आणि आठवणीला कचेरीत किंमत नसते.

म्हणून ज्यांच्या हाती हा लेख आहे त्यांना माझी विनंती आहे. दिवाळीत गावी जाल तेव्हा सूर्यास्ताचा फोटो जरूर काढा. त्यानंतर गावातली एक अशी गोष्ट शोधा जिचा फोटो कोणी काढत नाही. वाजणारा दगड असेल, भरतीची खूण म्हणून दाखवला जाणारा खडक असेल, बुजत आलेली बारव असेल, कोणी कोरला हे माहीत नसलेला शिलालेख असेल. तिचे तीन फोटो काढा. एक लांबून, भोवतालची जागा ओळखू येईल असा. एक समोरून. एक जवळून, मापासाठी शेजारी पट्टी किंवा हात ठेवून. मग गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाला तिचं नाव विचारा. फोटोखाली गाव, वाडी, तालुका, ते नाव, तारीख आणि सांगणाऱ्याने सांगितलेली हकीकत लिहा, आणि ती हकीकत कोणाकडून ऐकली तेही लिहा. समुद्राकाठचा फोटो असेल तर तिथी आणि पाण्याची स्थिती लिहा. एक प्रत गावच्या शाळेला किंवा वाचनालयाला द्या. पुढच्या दिवाळीत त्याच जागी उभं राहून पुन्हा काढा. आपल्या किनाऱ्याचा खरा संग्रह असाच, गावागावांतून उभा राहील.